'रागीट' हा शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण ज्या शब्दावर बोलणार आहे, तो लहानपणापासून माझ्या वाट्याला आला आहे. तो शब्द म्हणजे 'रागीट'.

आपल्या मंडळात गीतेचा चौदावा अध्याय वाचताना, रजोगुण हा रागस्वरूप आहे, असे आले. मी शेजारी बसलेल्या वहिनींना म्हटले, "हे तर माझेच वर्णन!" वाचणाऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, आसक्ती. अनुराग म्हणजे प्रेम. संताप तो क्रोध. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाच्या वर्णनात राग आणि क्रोध वेगळे सांगितले आहेत." गाण्यातला रागही मनाला रंगवतो, म्हणून राग. मराठीत मात्र राग म्हणजे संतापच होऊन बसला.

त्या रात्री मी माझ्या रागांची झाडाझडती घेतली. एकदा दूध उतू गेले म्हणून मी धाकट्याला धपाटा घातला. लक्ष माझेच नव्हते. तो नुसता संताप. यजमानांशी वाद झाला की उपाशी निजायचे, तो त्रागा. त्यात आपलेच पोट जळते. हे दोन्ही टाकण्यासारखेच.

पण मुलीची दहावी झाली आणि घरात ठरले की आता शिक्षण पुरे. तेव्हा मी आवाज चढवला. म्हटले, "फी मी शिवणकामातून भरीन, पण तिचे शिक्षण थांबणार नाही." जाऊबाई म्हणाल्या, "काय बाई रागीट!" पुरुषाने तेच म्हटले असते, तर त्याला करारी म्हटले असते. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा मी चकार शब्द काढला नव्हता. सगळे म्हणाले, "पोर किती शहाणी!"

मुलगी आज कॉलेजात आहे. तो माझा राग जुन्या अर्थाचा होता, ओढीचा. गीता ओढही सोडायला सांगते. ते मला अजून जमायचे आहे.

भगिनींनो, एखाद्या मुलीला रागीट म्हणण्यापूर्वी ती कशापायी रागावली, एवढे विचारावे. धाकट्याला जवळ घेऊन मी माझी चूक कबूल केली. मुलीच्या बाबतीत मात्र मी कुणाची क्षमा मागितली नाही, मागणारही नाही.