गुलमोहराचा भाऊबंद

गुलमोहर आपल्या अंगणातला वाटत असला तरी तो मूळचा मादागास्करचा, हे अनेकांना ठाऊक असेल. त्याच बेटावरच्या त्याच्या एका भाऊबंदाची आज ओळख करून घेऊ. त्याचं नाव कोल्विलिया.

कोल्विलिया ही शेंगा धरणाऱ्या कुळातली एक प्रजाती. या प्रजातीत एकच जाती आहे, कोल्विलिया रेसिमोसा, आणि निसर्गतः ती फक्त मादागास्करच्या पश्चिमेकडील कोरड्या, पानझडी जंगलात वाढते. वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1834 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि मॉरिशसचे गव्हर्नर सर चार्ल्स कोल्विल यांचं नाव तिला दिलं. गुलमोहराचं पहिलं शास्त्रीय वर्णनही बोयर यांचंच. एकाच माणसाच्या हातून जगाला असे दोन वृक्ष मिळावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फुलं नसताना दोन्ही झाडं ओळखताना चांगले जाणकारही गोंधळतात, कारण पानं तशीच, बारीक पर्णिकांची. फुलं आली की मात्र शंका उरत नाही. गुलमोहराच्या पाकळ्या पसरतात. कोल्विलियाच्या गोलसर, मखमली, केशरी कळ्या द्राक्षांच्या घोसासारख्या खाली लोंबतात आणि घोसाच्या वरच्या टोकाकडून एकेक उमलत जातात.

आपल्याकडेही शोभेसाठी हे झाड काही उद्यानांत लावलेलं आहे. गुलमोहर उन्हाळ्यात फुलतो, हा पावसाळा सरताना. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात एखादा ‘गुलमोहर’ अवेळी केशरी दिसला, तर जवळ जाऊन त्याचे घोस जरूर पाहा.