‘वयाचा भाग’ म्हणून सोडू नका

भगिनींनो, बदलापूर-अंबरनाथहून रोज लोकल गाठणारी गृहिणी दुखणे अंगावर काढते. चाळिशीनंतर पाळी अनियमित होणे स्वाभाविक. परंतु सलग १२ महिने थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो ‘वयाचा भाग’ नव्हे. तपासणी तत्काळ हवी.

लक्षणांची वाटही पाहू नये. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

आपली लोकल उल्हासनगरला थांबते. तेथे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे. संकोच सोडून एक दिवस तेथे उतरा. बंधूंनो, आपण सोबत जा.