यू-५०५ : बुडता बुडता हाती आलेली पाणबुडी

४ जून १९४४. पश्चिम आफ्रिकेजवळच्या अटलांटिक समुद्रात कॅप्टन डॅनियल गॅलरी यांच्या अमेरिकी ताफ्याने जर्मनीची यू-५०५ ही पाणबुडी गाठली. पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बच्या माऱ्याने ती वर आली. जर्मन खलाशांनी ती बुडावी म्हणून आत पाणी सोडलं आणि समुद्रात उड्या घेतल्या.

लेफ्टनंट अल्बर्ट डेव्हिड आठ साथीदारांसह जिवावर उदार होऊन पाणबुडीवर चढले. आत एका जाड नळाचं झाकण काढलेलं, पाणी धो धो येत होतं. झेनॉन लुकोसियस यांनी ते झाकण शोधून घट्ट बसवलं. पाणबुडी वाचली, सांकेतिक पुस्तकं आणि संदेश सांकेतिक लिपीत बदलणारी एनिग्मा यंत्रं हाती लागली.

५९ पैकी ५८ जर्मन जिवंत सापडले. बातमी फुटली असती, तर जर्मनीने सांकेतिक लिपी बदलली असती. म्हणून कैद्यांना लुइझियानातल्या छावणीत इतरांपासून वेगळं ठेवलं, रेड क्रॉसलाही भेटू दिलं नाही. ताफ्यातल्या सुमारे तीन हजार नौसैनिकांनी युद्ध संपेपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही. त्या धाडसाइतकंच हे मौनही मोलाचं! १९५४पासून ही पाणबुडी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आहे.