हन्ना आधी जेवली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी १९९२ च्या तुकडीतील एका विद्यार्थिनीने व्यक्त केलेले मनोगत)



बत्तीस वर्षांनी आपण एकत्र बसलोय. सकाळपासून मीटरगेजच्या गाडीच्या, शिवना नदीच्या, सरांच्या छडीच्या आठवणी निघाल्या, पोट धरून हसलो. मला मात्र संयोजकांनी सांगितलं, "तू तुझं सांग." तेव्हा आज मी थोडं वेगळं बोलणार आहे. माझे पती समोर बसले आहेत. त्यांच्या परवानगीनेच बोलतेय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझं घर आठवत असेल. वडील मोंढ्यात हमाली करायचे. आम्ही कॅथलिक. १८९० च्या दशकात फ्रान्सकडचे मिशनरी घोगरगावला आले, त्यानंतर केव्हातरी आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. पण खरं सांगू का, आमचा धर्म म्हणजे नाताळचा फराळ, सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची यात्रा आणि शाळेच्या दाखल्यावरचा एक शब्द. बायबल घरात होतं, पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली.

१९९८ ला लग्न झालं. ह्यांची नोकरी वाळूजच्या कंपनीत, म्हणून औरंगाबादला राहायला गेले. पहिलं वर्ष कौतुकात गेलं. दुसऱ्या वर्षापासून "काही विशेष?" सुरू झालं. लासूरला बाजाराच्या दिवशी यायची मला भीती वाटायला लागली. स्टेशनवर उतरल्यापासून घरी पोहोचेपर्यंत चार जणी तरी विचारायच्या. विचारणाऱ्या वाईट नव्हत्या. तुमच्यातल्याही काही होत्या.

मग सुरू झाल्या तपासण्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, गोळ्या, इंजेक्शनं. सगळ्या माझ्याच. पाचव्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी ह्यांची तपासणी करायला सांगितली. ती सगळ्यांत साधी आणि स्वस्त तपासणी, आणि तीच कोणी केली नव्हती. रिपोर्ट आला. शुक्रजंतू फार कमी होते.

त्या संध्याकाळी ह्यांनी एक गोष्ट केली, जी मी जन्मभर विसरणार नाही. आईसमोर बसून म्हणाले, "आई, कमी माझ्यात आहे. आजपासून हिला कोणी काही बोलायचं नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून चहा ठेवला आणि पहिला कप मला दिला.

टेस्ट ट्यूबचा सल्ला मिळाला. आपण पाचवीत असताना, ऑगस्ट १९८६ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून तसं बाळ जन्मलं होतं. पण आमच्याकडे पैसे नव्हते. आमच्या चर्चला ही पद्धत मान्य नाही, हे मला नंतर कळलं. आम्ही थांबलो ते श्रद्धेमुळे नव्हे, खिशामुळे. इथे खोटं मोठेपण घेणार नाही.

मग नवस. हरेगावला चांदीचा पाळणा बोलले. दाक्षायणी देवीची ओटी भरली, खुलताबादला चादर चढवली. त्या जागांना मी नावं ठेवत नाही. नावं ठेवते माझ्या मनाला. वडील मोंढ्यात रोज घासाघीस ऐकायचे ना, तशी मी देवाशी करत होते. एवढं देते, एवढं दे. आणि दरवर्षी रिकाम्या हाताने परत आले, की वाटायचं, माझ्याच मापात काहीतरी खोट आहे.

२००४ साली नात्यात एक डोहाळजेवण होतं. ओटी भरायला मी ताट उचललं, तर एक वयस्क बाई हळूच म्हणाल्या, "तू राहू दे गं. तू जरा स्वयंपाकाकडे बघ." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी भाताच्या पातेल्याजवळ जाऊन बसले. बाहेर गाणी चालली होती.

घरी आले, जेवले नाही. ह्यांनी दोनदा ताट वाढलं. शेवटी म्हणाले, "मी आहे ना तुला?" मी तोंड फिरवून झोपले.

झोप कुठली येणार? वडिलांचं ते जुनं बायबल माझ्याकडे आलं होतं. चर्चमध्ये एका वृद्ध सिस्टरने कधीतरी म्हटलं होतं, "हन्नाचं वाच." त्या रात्री वाचलं. पहिलं शमुवेल, पहिला अध्याय. तिला मूल नाही, सवत टोचून बोलते, ती रडते, जेवत नाही. नवरा म्हणतो, दहा मुलांपेक्षा मी तुला बरा नाही का? मी चमकले. तीन हजार वर्षांपूर्वीची बाई आणि माझ्या शेजारी झोपलेला माणूस! ती मंदिरात जाऊन इतकी रडते, की याजकाला वाटतं ती दारू प्यायलीय. नवस तीही बोलते. पण त्याआधी ती आपलं अख्खं दुःख देवापुढे ओतते, काही न झाकता. मी तसं कधी केलंच नव्हतं. मी देवासमोर नेहमी शहाण्यासारखी उभी राहायचे.

आणि मग एक ओळ येते, जिच्यावरून मी पूर्वी नुसती पुढे गेले असते. हन्ना परत जाते, जेवते, आणि तिचा चेहरा उदास राहत नाही. नीट बघा हं. शमुवेल अजून झालेला नाही. दिवसही गेलेले नाहीत. याजकाच्या चार शब्दांपलीकडे तिच्या हातात काहीच नाही. मूल नंतर. हन्ना आधी जेवली.

मी उठले, अंधारात बसून देवाशी पहिल्यांदा भांडले. मोठ्याने नाही, पण सगळं बोलले. मत्सरसुद्धा सांगितला. मैत्रिणींच्या बारशाला जाऊन घरी येऊन किती रडले, तेही. बोलून झाल्यावर भूक लागली. ह्यांना उठवलं. रात्री एक वाजता आम्ही दोघांनी गार भाकरी आणि ठेचा खाल्ला. माझा खरा बाप्तिस्मा त्या रात्री झाला असं मी मानते.

दुःख संपलं का? नाही. चार दिवसांनी पुन्हा रडले. पण आता रडायला जागा होती. मिस्सेला जायला लागले ते काही मागायला नव्हे, कोणीतरी आपलं ऐकतं म्हणून. आशा म्हणजे हवं ते मिळेलच याची खात्री, असं मी समजत होते. आता समजते, की न मिळालं तरी मी टाकलेली नाही, हे कळणं म्हणजे आशा.

नंतर दत्तक घ्यायचं मनात आलं. वकिलांनी सांगितलं, १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी. तुम्ही ख्रिश्चन, तुम्हाला १८९० च्या कायद्याखाली फक्त पालक होता येईल, तेही मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. आई नाही, पालक! पुढे बाल न्याय कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि कोणत्याही धर्माच्या जोडप्याला त्या कायद्याखाली आई-बाप होण्याची वाट मोकळी झाली. २००९ मध्ये आमची लेक घरी आली. सासूबाईंनी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आज ती फार्मसीला आहे. पण एक सांगते. ती माझ्या प्रार्थनेची पावती नाही. ती आली नसती, तरी त्या रात्रीची भाकरी खरीच होती.

हे सगळं आज का सांगितलं? कारण आपल्यातल्या कोणाच्या मुलाच्या, सुनेच्या, भाचीच्या घरात हे चालू असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं, की जगात साधारण सहापैकी एकाला आयुष्यात कधीतरी ही अडचण येते. म्हणजे आपल्या एका बाकावर दोन-तीन जण बसायचे, त्या हिशोबाने दर दोन-तीन बाकांमागे एक. तेव्हा तीन विनंत्या. वर्षभरात काही झालं नाही, तर दोघांचीही तपासणी करा, पहिल्याच फेरीत. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच. दुसरं, "काही विशेष?" हा प्रश्न विचारायचं सोडा. सांगण्यासारखं असेल, तेव्हा माणूस आपणहून सांगतो. आणि तिसरं, ओटी भरायला आलेल्या बाईला स्वयंपाकघरात पाठवू नका. तिच्या हातचं हळदीकुंकू कमी पडत नाही.

तुमचा देव कोणता, याची चौकशी करायला मी उभी नाही. मला जो भेटला त्याचं नाव सांगितलं, कारण आपल्याच शाळेने शिकवलं, की उत्तर लिहिताना रीत दाखवायची.

मंडपात वरणाचा वास सुटलाय, सर घड्याळ बघतायत. चला, आधी जेवून घेऊ.