चिरनेर पोरांना कसं शिकवायचं
(अष्टमी येथील बैठकीतील भाषण)

साथींनो, २५ सप्टेंबर १९३० ला आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यात नाग्या महादू कातकरी, आपला माणूस.

पोरांकडून नुसती तारीख घोकून घेऊ नका, गुरुजी रागावले तरी चालेल. परीक्षा झाली की पोरं इसरतात. आधी विचारा, तुझ्या आयची मोळी कोण अडवतो? कोयता कोण हिसकून घेतो? मग सांगा, नाग्याच्या येळेला हाच जंगलाचा कायदा होता, तो मोडायला माणसं अक्कादेवीच्या डोंगरावर गेली.

एखादं पोरगं इचारेल, इंग्रज गेले तर आमची दळी अजून फॉरेस्टच्या नावावर कशी? त्याला गप्प बसवू नका. सातबारा आणा, त्यालाच वाचायला लावा.