थांबत्या तबकडीची वीज

दिनांक ३१ जुलै २०१२ रोजी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे वीजजाळे एकदम कोसळले. आदल्याच दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेचे जाळे एकदा पडून पुन्हा उभे राहिले होते. आता दुसरा आघात झाला आणि साठ कोटींहून अधिक वस्तीचा मुलूख विजेवाचून राहिला. दिल्लीची मेट्रो जागच्या जागी उभी राहिली. यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहारात, जेथे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत, तेथील घरांत छताचे पंखे मंदावत मंदावत थांबले आणि ज्या संगणकांना इन्व्हर्टरचा आधार नव्हता त्यांचे पडदे क्षणार्धात काळे झाले.

संगणकाच्या पेटीत त्या क्षणी जे घडले ते मात्र कोणी पाहिले नाही. घरातील हिशेब, मुलांची छायाचित्रे, कुणा निवृत्त गृहस्थाने सावकाश टंकित केलेल्या आठवणी हे सारे ज्या हार्ड डिस्कवर साठविलेले असते, तिच्यातील तबकडी मिनिटाला ७२०० फेरे या वेगाने फिरत होती. म्हणजे सेकंदाला १२० फेरे. साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड या वेगाने ताशी सुमारे १३० किलोमीटर धावते. तिच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगत, वाचन-लेखन करणारे हेड असते. माणसाच्या केसाची जाडी पाऊण लाख नॅनोमीटरच्या आसपास भरते, एवढे सांगितले म्हणजे हे अंतर किती सूक्ष्म आहे ते ध्यानात यावे. तबकडी मंदावली की हवेचा थर विरतो आणि हेड खाली टेकते. ते नको त्या जागी टेकले तर आठवणींवर ओरखडा उठतो.

अशा नाजूक ठिकाणी स्वयंपाकघरातील मिक्सरची मोटर बसविता येणार नाही. मिक्सरच्या मोटरीत फिरत्या भागाला वीज पोचविण्यासाठी कार्बनचे दोन तुकडे घासत असतात. ते झिजतात, ठिणग्या उडवितात आणि काळी भुकटी टाकतात. त्या भुकटीचा एक कण हेडच्या वाटेत आला तर तो डोंगरासारखा ठरेल. म्हणून डिस्कच्या मोटरीत ब्रशच नसतात. चुंबकाचे कडे फिरते, तारेच्या गुंडाळ्या स्थिर राहतात आणि कोणत्या गुंडाळीत केव्हा वीज सोडावयाची हे ट्रान्झिस्टर ठरवितात. विल्सन आणि ट्रिकी या अभियंत्यांनी १९६२ साली अशा मोटरीचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५६ सालच्या आय.बी.एम.च्या पहिल्या डिस्कयंत्रात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, तरी तिची सारी साठवण पन्नास लाख अक्षरांची होती. आज तळहातावर मावणाऱ्या पेटीत त्याहून लक्षावधी पट मजकूर राहतो.

गुंडाळ्यांचे तीन गट असतात. एका वेळी एका गटातून प्रवाह आत शिरतो, दुसऱ्यातून बाहेर पडतो आणि तिसरा रिकामा राहतो. हा रिकामा गटच चुंबकाचा माग सांगतो. कारण फिरते चुंबक त्यात विद्युतदाब उत्पन्न करते आणि तो दाब शून्य ओलांडतो त्या क्षणावरून चुंबक कोठे आहे हे कळते. चुंबकाला आठ ध्रुव असतील तर एका फेऱ्यात चोवीस वेळा, म्हणजे सेकंदाला २८८० वेळा, प्रवाहाची वाट बदलावी लागते.

खरी अडचण आरंभी असते. समजा, मोटरीला बारा व्होल्ट दिले आणि वाटेतील गुंडाळ्यांचा रोध दोन ओहम आहे. पूर्ण वेगात चुंबक स्वतःच अकरा व्होल्टचा विरोधी दाब उभा करते. उरलेल्या एका व्होल्टमुळे अर्धा अँपिअर प्रवाह वाहतो. स्थिर असताना विरोध मुळीच नसतो आणि सहा अँपिअर धावू पाहतात. त्यावर लगाम घातला नाही तर गुंडाळ्या तापतील, ट्रान्झिस्टर जळतील आणि पेटीला वीज पुरविणारे यंत्रही कोलमडेल. फार आवळले तरीही चालत नाही. प्रवाहाच्या प्रमाणातच जोर मिळत असल्याने तबकडी जागची हलावयाची नाही.

यावरचा उपाय मोठा साधा आहे. प्रवाहाच्या वाटेत अगदी अल्प रोध ठेवून त्यावरील दाब मोजावयाचा. तो ठरलेल्या मर्यादेला पोचला की ट्रान्झिस्टर बंद करावयाचा, क्षणानंतर पुन्हा उघडावयाचा. हे सेकंदाला हजारो वेळा चालते. गुंडाळीचा गुण असा की तिच्यातील प्रवाह एकाएकी थांबत नाही. धक्का देणारे हात बाजूला झाले तरी जड पाळणा झुलत राहावा तसा तो वाहत राहतो. म्हणून तुटक दाबातूनही जवळजवळ अखंड प्रवाह मिळतो. 'जवळजवळ' म्हणावयाचे कारण, प्रवाहातील बारीक लाट जोरातही लाट उठविते. तबकडी किंचित थरथरते, गुणगुणते आणि हेडची रेषा चुकू शकते. पुढे अभियंत्यांनी प्रवाहाच्या पायऱ्या मोडून त्याला नितळ वळण दिले ते याचसाठी.

आता त्या दुपारकडे परत जाऊ. बाहेरची वीज गेली, पण तबकडीचे फिरणे तत्काळ थांबत नाही. फिरते चुंबक गुंडाळ्यांत वीज उत्पन्न करीतच असते. जी मोटर आतापर्यंत वीज खात होती, ती जनित्र बनते. मेट्रोची गाडी ब्रेक लावताना हेच करते, हा योगायोग मौजेचा आहे. यंत्रणा प्रथम बाहेरची तार तोडते, नाही तर ही तुटपुंजी वीज साऱ्या संगणकात झिरपून जाईल. मग तीच वीज हेडच्या भुजेला दिली जाते आणि हेड तबकडीबाहेरच्या छोट्या उतारावर चढून बसते. जुन्या डिस्कमध्ये ते तबकडीवरीलच राखून ठेवलेल्या कोऱ्या पट्ट्यात उतरते. हेड सुरक्षित झाले की गुंडाळ्यांची टोके एकमेकांस जोडली जातात आणि उरलेला वेग त्यांतच जिरतो. डिस्कवर लिहिलेले अशा रीतीने वाचते. पडद्यावर होते पण लिहून झाले नव्हते, ते मात्र गेलेच.

पुढे वीज टप्प्याटप्प्याने परत आली, कारण साऱ्या उत्तर भारताचा भार एका क्षणी उचलणे कोणत्याही वीजकेंद्राला शक्य नसते. जेथे एका कपाटात बारा-बारा डिस्क असतात तेथेही हाच नियम पाळतात. प्रत्येकीला आरंभी दोन अँपिअर लागले तर एकदम चोवीस अँपिअर मागितले जातील. म्हणून एक डिस्क वेग घेते, तिचा प्रवाह उतरतो आणि मगच दुसरीला हुकूम मिळतो.