रंगाआधीची विचारपूस

संगणकाशी बोलण्याच्या दोन रीती आहेत. चित्रे आणि चौकटी असलेला पडदा आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. दुसरी रीत जुनी व काहीशी रूक्ष: एक ओळ टंकलिखित करावयाची, संगणकाने ती आज्ञा पाळावयाची आणि उत्तरही ओळींतच द्यावयाचे. या पडद्याला टर्मिनल म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणारे आणि मोठ्या संगणकांची देखभाल करणारे लोक आजही दिवसाचा बराच वेळ याच पडद्यासमोर घालवितात. उत्तराच्या शेकडो ओळींतून चूक दाखविणारी ओळ लाल व्हावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. परंतु ती पुरी करताना एक विलक्षण अडचण उभी राहते. उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमला पडदा दिसत नाही. तो अक्षरे पाठवितो. ती कोठे उमटली, कशी उमटली, हे त्याला कळण्याची सोय नसते.

रंगही अक्षरांच्याच वेषात जातो. लाल रंग हवा असल्यास प्रथम २७ क्रमांकाचे 'एस्केप' हे अदृश्य चिन्ह, मग चौकोनी कंस, मग ३१ हा आकडा आणि शेवटी 'एम' हे अक्षर पाठवावयाचे. ज्या टर्मिनलला हा संकेत ठाऊक असतो ते तो गिळून टाकते आणि पुढील मजकूर लाल करते. ज्याला ठाऊक नसतो ते कंस, आकडा आणि अक्षर इमानेइतबारे छापून मोकळे होते आणि वाचणाऱ्याच्या पदरी मजकुराऐवजी कचरा पडतो. १९७९ च्या अमेरिकी प्रमाणकात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत आठ रंगांना ३० ते ३७ हे आकडे दिलेले होते. पुढे रंगांची संख्या २५६ झाली: १६ मूळचे, सहाच्या घनाइतके म्हणजे २१६ मिश्र रंग आणि २४ करड्या छटा. त्यानंतर लाल, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरून एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक रंग आले. म्हणजे आता प्रश्न दुहेरी झाला: रंग कळतो काय, आणि कळत असल्यास किती?

ज्यांनी तारघरांत किंवा वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटर खडखडताना ऐकला असेल त्यांना या प्रश्नाचे मूळ लवकर उमगेल. त्या यंत्रांत एक गोड सोय होती. दुरून 'तू कोण?' असे विचारणारे एक ठरावीक चिन्ह पाठविले की पलीकडच्या यंत्रातील एक लहानसे दंडगोल फिरे आणि त्याच्यावर दाते मोडून कोरलेले नाव आपोआप परत येई. माणूस हजर नसला तरी यंत्र आपली ओळख देई. पुढे पडद्याची टर्मिनले आली, कारखान्यागणिक त्यांचे संकेत निराळे झाले, आणि केवळ विचारून भागेना. १९७८ च्या सुमारास बर्कले येथे बिल जॉय यांनी 'टर्मकॅप' नावाची नोंदवही तयार केली. टर्मिनलचे नाव सांगावे आणि त्याचे गुण वहीत पाहावेत, अशी ही व्यवस्था. १९८० नंतरच्या दशकारंभी मार्क हॉर्टन यांनी तिची सुधारलेली आवृत्ती, 'टर्मइन्फो', केली. ती आजही चालू आहे. तीत रंगांच्या संख्येसाठी एक रकाना आहे. गंमत अशी की ज्याच्या संकेतांचा वारसा आजचे जवळपास प्रत्येक टर्मिनल सांगते त्या १९७८ च्या व्हीटी-१०० ची चौकशी या वहीत केल्यास उत्तर 'उणे एक' असे येते. त्या पूर्वजाला रंग ठाऊकच नव्हते.

वहीचा सारा भरवसा नावावर. आणि येथेच घोटाळा झाला. १९८४ मध्ये 'एक्सटर्म' नावाचे टर्मिनल लिहिले गेले. ते इतके रुळले की प्रोग्रॅम लिहिणारे वही न पाहता नावातच 'एक्सटर्म' हा शब्द शोधू लागले. मग नवे टर्मिनल तयार करणाऱ्याने काय करावे? स्वतःचे खरे नाव सांगितले तर रंग मिळत नाहीत; म्हणून तोही 'मी एक्सटर्म' असेच सांगतो. दोष त्याचा एकट्याचा म्हणता येणार नाही. खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि तोतयाला बक्षीस अशी रीत एकदा पडली की दुसरे काय होणार! परिणामी नाव एकच, पण त्यामागची यंत्रे अनेक आणि त्यांचे रंग निरनिराळे. हे भरून काढण्यासाठी 'कलरटर्म' नावाची आणखी एक नोंद आली. तीत 'ट्रूकलर' असे लिहिले असल्यास सर्व रंग चालतात असे समजावयाचे. पण दूरच्या संगणकावर काम करताना टर्मिनलचे नाव बरोबर जाते आणि ही दुसरी नोंद सामान्यतः मागे राहते. घरी रंगीत दिसणारा तोच प्रोग्रॅम तेथे फिका दिसू लागतो आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो.

मग टेलिप्रिंटरप्रमाणे थेट विचारावे, हे ओघानेच आले. तशी सोय आहेही. एखादा विशिष्ट रंग लावावा आणि लगेच 'आता कोणता रंग लागला आहे?' असे विचारावे. तोच परत सांगितला गेला तर टर्मिनलला तो समजला. युक्ती नामी आहे, पण तिची किंमतही आहे. टर्मिनलचे उत्तर कळफलकावरून टंकलेल्या अक्षरांच्याच वाटेने येते. ते उशिरा आले आणि तोवर प्रोग्रॅम संपलेला असला, तर ती अक्षरे पुढच्या आज्ञेत जाऊन मिसळतात. शिवाय जे टर्मिनल मुकेच आहे त्याच्या उत्तराची वाट किती वेळ पाहावयाची? म्हणून साधे प्रोग्रॅम या भानगडीत पडत नाहीत. विंडोजची तऱ्हा आणखी वेगळी होती: तिच्या आज्ञा-पडद्याला हे संकेत विंडोज १० मध्ये कळू लागले, तेही प्रोग्रॅमने तशी परवानगी आधी घेतल्यावर.

या सर्वांच्या आधीचा, आणि खरे तर अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, समोर टर्मिनल आहे तरी काय? उत्तर पडद्यावर न जाता फाईलमध्ये साठविले जात असेल किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती दिले जात असेल, तर रंगाचे संकेत त्यात घुसता कामा नयेत. रात्रभर चाललेल्या कामाची नोंद सकाळी उघडावी आणि प्रत्येक ओळीत कंस व आकडे विखुरलेले असावेत, हा अनुभव पुष्कळांना आला आहे. चुकीची ओळ शोधणारा दुसरा प्रोग्रॅमही अशा मजकुरावर अडखळतो, कारण शब्दाच्या आरंभी त्याला अनपेक्षित चिन्हे लागतात. युनिक्समध्ये ही चौकशी एका लहानशा आज्ञेने होते आणि तिच्या नावात टेलिटाइप यंत्राची आद्याक्षरे अजून टिकून आहेत. फाईलींची यादी देणाऱ्या 'एलएस' या प्रोग्रॅमला रंगाबाबत 'कधीच नाही', 'नेहमी' आणि 'आपोआप' असे तीन पर्याय सांगता येतात. 'आपोआप' याचा अर्थ समोर टर्मिनल असेल तरच.

टर्मिनल आहे, रंगही कळतात, तरी वाचणाऱ्याला ते नको असतील तर? उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे आठ टक्क्यांना लाल व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. कोणी पांढरी पार्श्वभूमी ठेवलेली असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरे विरून जातात. २०१७ मध्ये 'नो कलर' या नावाचा एक साधा संकेत सुचविला गेला: वापरणाऱ्याने ही नोंद करून ठेवली की प्रोग्रॅमने आपणहून रंग घालू नयेत. तो कोणत्याही मंडळाने लादलेला नियम नाही, तरी अनेक प्रोग्रॅम तो पाळतात. तेव्हा जाणता लेखक प्रथम वापरणाऱ्याने स्पष्ट काही सांगितले आहे का ते पाहतो, नंतर समोर टर्मिनल आहे का ते, आणि नाव व नोंदवही यांच्याकडे सर्वांत शेवटी वळतो. एवढे करूनही शंका उरली तर तो आठ रंगांवर भागवितो, आणि लाल ओळीच्या आरंभी 'चूक' हा शब्दही लिहून ठेवतो.